पेवातली वाफ, पेवातला वायू

पेवातून काढलेल्या ज्वारीच्या वासाला आंबूस म्हणून मोकळे होता येते, पण मग त्यातले काहीच सांगितले जात नाही. रात्रभर झाकून ठेवलेल्या आंबिलाचा आंबटपणा त्यात असतो; ओल्या कडब्याचा गोडसर उग्रपणा असतो; आणि त्याच्याही तळाशी, पुष्कळ दिवस न वापरलेल्या तांब्याच्या हंड्यात डोके घातल्यावर नाकाला लागतो तसा एक गार, धातूचा वास असतो. भाकरी तव्यावर पडली की हे तिन्ही वास एकामागून एक उठत, आणि शेजारच्या चार घरांना न सांगता कळे की आमचे पेव उघडले.

माझे माहेर जालना शहरातले. तिथे ज्वारी दुकानातून येई आणि तिला गोणपाटाखेरीज कसलाही वास नसे. लग्न होऊन मी भोकरदन तालुक्यात, हसनाबादेच्या अलीकडच्या एका गावी आले, तोवर पेव मला केवळ 'पेव फुटणे' या वाक्प्रचारातून ठाऊक होते. गावाच्या उंचवट्यावर, निंबाच्या झाडापाशी जमिनीत खणलेले, तोंडाशी घागरीसारखे निमुळते आणि आत पोटाने सुटलेले, दोन पुरुष खोल असे ते धान्याचे कोठार मला प्रथम दाखवले गेले, तेव्हा दिसली ती फक्त एक दगडी शिळा आणि तिच्यावर लिंपलेला चिखल. मी भक्तिभावाने नमस्कार केला. बरोबरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

वडिलांनी मला मराठी सातवीपर्यंत शिकवले होते आणि पुढे घरीच वृत्ते व संस्कृत श्लोक. त्यामुळे शब्द हाती आला की बाजारातल्या बाया मडके वाजवून घेतात तसा मी तो आधी वाजवून पाही. सासरी या कलेला वाव नव्हता, कारण पहिल्या वर्षी मला बोलण्याचाच प्रसंग येत नसे. सासऱ्यांना मी मामंजी म्हणे, तेही मनात. त्यांच्यासमोर सुनेने तोंड उघडायचे नसे. नवऱ्याने चारचौघांत बायकोशी बोलणे हा तर उघड निर्लज्जपणा. माझ्या यजमानांना तहान लागली की ते भिंतीकडे पाहून "पाणी" म्हणत, आणि भिंतीच्या वतीने मी तांब्या नेऊन ठेवी.

यजमान हैदराबादेस कॉलेजात शास्त्र शिकत होते. निजामाच्या राज्यात ते सारे शास्त्र उर्दूतून चाले. त्यांना जे समजले होते ते उर्दूत समजले होते, आणि ज्यांना सांगायचे ती माणसे मराठी होती. त्यामुळे सुट्टीत घरी आले की ज्ञान ओठाशी येऊन अडे आणि बिचारे हातवारे करीत राहत.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीतच कणगीतली ज्वारी तळाला गेली. पेवातली अर्धी ज्वारी मृगापूर्वी काढून तोंड पुन्हा लिंपले होते. उरलेली अर्धी आता काढायची होती. आमच्या घरची रीत अशी, की पेव उघडल्यावर पहिला उतरणारा घरचाच माणूस असावा. त्याने पहिली पाटी भरून वर द्यायची, मगच गड्यांनी आत जायचे. आजवर मामंजी उतरत आले होते. यंदा त्यांचा गुडघा धरला होता, म्हणून त्यांनी मुलाला सांगितले, आणि मुलगा हरखून गेला. शहरात राहून तो नाजूक झाला, आता त्याला बाजेवरून उतरतानाही शिडी लागते, असे गावात बोलले जाई. यजमानांना दोन दिवसांनी परतायचे होते. त्याआधी एकदा पेवात उतरून दाखवायचेच, असा त्यांनी चंग बांधला होता.

सकाळी स्वयंपाकघरात वरण शिजत होते. मी दाराआड भाजी निवडत बसले होते. सासूबाई सहज म्हणाल्या, "यंदा पाऊस लई झाला. पेवात वाफ मोप धरली असंल."

"माय, ती वाफ न्हाई," यजमान पाटावरून म्हणाले.

"मंग काय हाये?"

"गैस."

सासूबाईंनी आमच्या आत्याबाईंकडे पाहिले. आत्याबाई म्हणजे मामंजींची थोरली बहीण. गावात त्यांच्या जिभेला पाटलाच्या काठीइतका मान होता.

"समजून सांग बाबा," आत्याबाई म्हणाल्या. "आमी अडाणी."

"वाफेला उर्दूत बुखारात म्हणतेत. अन् गैस निराळी."

"बुखार? पेवाला? मंग हकिमाला सांगावा धाडा जल्दी."

यजमानांनी उठून वरणाच्या पातेल्यावरचे झाकण उचलले. त्याच्या आतल्या बाजूने थेंब ओघळत होते. "हे बघ आत्या. ही वाफ. पाण्याची झाली, अन् थंड झाकण लागलं की फिरून पाणी झाली. ती वर जाती, दिसती, हाताला भाजती. गैसचं तसं न्हाई. ती हवेवानी. असं झाकण धरलं तर तिचं पाणी होत न्हाई. अन् पेवातली गैस जड अस्ती. ती वर येतच न्हाई, तळाला बसून राह्यती."

"दाखव की मंग."

"दिसत न्हाई ती."

"वास?"

"वास बी न्हाई."

"मंग तुला कशी घावली?"

"किताबात हाये. तिच्यात जळती काडी धरली की इझती. माणूस बी गुदमरतो."

"दिसत न्हाई, वास न्हाई, अन् बसली जागा सोडीत न्हाई," आत्याबाई सासूबाईंना म्हणाल्या. "आपल्या पोरावानीच की बिलकुल. कामाच्या वक्ताला."

यजमानही हसले. मग मराठीत याला बहुधा वायू म्हणतात, असे त्यांनी सांगितले, आणि सांगताना क्षणभर दाराकडे पाहिले; बायकोला शब्द येतात, हे त्यांच्या कानावर गेले होते. मी मान हलवली. ती त्यांना दिसली की नाही, कोण जाणे.

दाराआड मी ते दोन्ही शब्द वाजवून पाहिले. वाफ म्हणताना शेवटी ओठांतून खरोखरच थोडी वाफ निसटते; थंडीच्या दिवसांत ती दिसतेही. वायू हा देव, मारुतीचा बाप. पेवाच्या तळाशी ज्वारीवर मांडी घालून बसलेला तो मला शोभेना. बाष्प हा आणखी एक शब्द मनात आला, पण माझ्या श्लोकांतून बाष्प डोळ्यांत आणि कंठात दाटते, त्याला कोठारात काय काम? अशा विचारांत मी भाजीची देठे टोपल्यात आणि पाने केरात टाकली. शब्दांचा फरक मला त्या सकाळी घरात सर्वांत चांगला कळला होता, याबद्दल आजही माझी खात्री आहे. म्हणूनच पुढचे सांगताना लाज वाटते.

सूर्य वर आला तेव्हा गड्यांनी पहारीने चिखल फोडला आणि शिळा बाजूला केली. आतून एक उबदार, जाड उसासा आला. आम्ही बायका दहा पावले दूर होतो, तरी तो गालांवर लागला. आंबूस, ओलसर, गुरांच्या नाकपुडीतून येतो तसा. शिळेची खालची बाजू थेंबांनी डवरली होती. मी मनात म्हटले, ही वाफ. वर जाते, गालाला कळते, दगडावर तिचे पाणी होते. सारे धड्याबरहुकूम होते. दुपारपर्यंत तो उसासा थांबला, वास विरळ झाला, शिळा उन्हात कोरडी पडली. वाफ गेली, असे मीच काय, कुणीही म्हटले असते.

दुपार टळल्यावर पेवात दिवा सोडायचा असे. हे काम घरच्या बाईचे. सासूबाईंना वर्षभरापासून डोळ्यांना अंधुक दिसू लागले होते, म्हणून त्यांनी यंदाचा मान मला दिला. पेवाच्या काठाला हळदीकुंकू वाहिले, परडीत पणती ठेवली, परडीला सुतळी बांधली आणि ती माझ्या हाती दिली. ताटात एक निरांजन तेवत होते.

"तळाला टेकू दे. दहा मोज. वर घे अन् मला सांग," त्या म्हणाल्या.

याहून अधिक त्यांनी काही सांगितले नाही. सांगावे लागेल असे त्यांना वाटलेच नसावे. भाकरी थापणाऱ्या सुनेला तवा गरम असतो हे कुणी सांगत नाही. आणि मी शहरातली. मला ती पूजा वाटली. धरित्रीच्या पोटात नव्या सुनेच्या हातून दीपदान. मला ते इतके आवडले की मी एक श्लोकही पुटपुटू लागले.

वाकताना माझा पदर ढळेल म्हणून पुरुषमंडळी निंबाखाली पाठ करून बसली होती; आत्याबाईही तिकडेच होत्या. मी सुतळी सोडू लागले. पणतीचा उजेड पेवाच्या गोल भिंतीवरून खाली खाली गेला, कडब्याचे अस्तर सोनेरी झाले, आणि मग, अजून तळ यायचा होता तोच, ज्योत आखूड झाली, निळी झाली, आणि कुणी दोन बोटांनी चिमटावी तशी गेली. वारा नव्हता. धूरही वर आला नाही.

नवी सून, पहिला मान, आणि हातून दिवा विझला. आणि थोड्याच वेळात त्याच पेवात नवरा उतरायचा. यापेक्षा वाईट अपशकुन मला सुचला नसता. मी परडी गुपचूप वर घेतली, निरांजनावर वात पेटवली आणि पुन्हा सोडली. तेवढ्याच खोलीवर ती पुन्हा विझली. मी परत वर घेतली, परत पेटवली, आणि या खेपेस खाली सोडण्याचे धाडस न करता परडी काठावर ठेवली.

"जळून राह्यला ना?" सासूबाईंनी विचारले. त्यांना समोर उजेडाचा ठिपका दिसत असावा.

"हो," मी म्हणाले. तो जळत होता, हे खरेच होते.

सासूबाईंनी निंबाकडे हाक दिली, "जळतोय व्हं." पुरुष उठले. यजमानांनी धोतराचा काचा मारला, कमरेला दोर बांधला. दोन गड्यांनी दोर धरला. यजमान काठावर बसले, पाय आत सोडले, आणि हातांवर भार देऊन छातीपर्यंत उतरले. त्यांच्या चेहऱ्यावर सणाच्या दिवशी मुलांच्या चेहऱ्यावर असतो तसा आनंद होता.

"हळू रे," आत्याबाई म्हणाल्या. "खाली तुझी गैस बसलीय. तिच्या मांडीवर पाय पडंल."

"दिवा जळला ना, आत्या," ते हसून म्हणाले. "मंग गैस न्हाई. बराबर हाये सगळं."

शब्द जुळायला किती वेळ लागतो, हे मी कधी मोजले नाही. सकाळपासून माझ्यापाशी एक शब्द होता, आणि आता एक विझलेली ज्योत. जी गालाला लागली, जिचा वास आला, जिचे शिळेवर थेंब झाले, ती वाफ कधीच निघून गेली होती. जो दिसला नाही आणि ज्याला वास नव्हता, तो जागचा हललाच नव्हता. त्याने माझी वात दोनदा चिमटून मला सांगितले होते, आणि मी ते झाकून ठेवले होते.

"दिवा विझला होता," मी म्हणाले.

माझा आवाज मोठा नव्हता, पण तो त्या घरातल्या पुरुषांनी पहिल्यांदाच ऐकला. यजमानांचे हनुवटीपर्यंतचे तोंड तेवढे काठावर दिसत होते. ते तसेच वळले.

"वर घ्या," मामंजी गड्यांना म्हणाले. मुलगा वर येऊन मातीत बसला. मग मामंजी सासूबाईंकडे वळून म्हणाले, "काय म्हणून राह्यली ती? इचारा तिला."

"कवा इझला?" सासूबाईंनी विचारले.

"दोन्ही वेळा."

"मंग मला जळतोय म्हणून कसं सांगितलं?"

"तुम्ही विचारलं तेव्हा जळत होता."

आत्याबाईंच्या घशातून काहीतरी निसटले. त्यांनी ते खोकल्यात घातले.

"फिरून पेटवला व्हता?"

मी मान हलवली. "अपशकुन वाटला."

सासूबाई काठावर टेकल्या. रागावतील असे मला वाटले होते. "अगं माय," त्या म्हणाल्या, "इझतो का न्हाई ते बघायलाच त सोडतेत त्याला."

मामंजींनी स्वतः परडी उचलली, पणती पेटवली आणि सर्वांसमोर खाली सोडली. या खेपेस सगळी डोकी वाकली होती; माझ्या पदराची चिंता कुणाला उरली नव्हती. ज्योत कडब्याच्या अस्तरावरून उतरत गेली, आखूड झाली, निळी झाली आणि गेली. यजमान पाटी भरायला वाकले असते, तर त्यांचे तोंड त्या जागेच्या चांगले हातभर खाली आले असते. त्यांनी ते अंतर डोळ्यांनी मोजले, आणि मग आपल्या कमरेचा दोर सोडताना त्यांना गाठ सुटेना.

उरलेला दिवस गड्यांनी घोंगडी दोराला बांधून पेवात खालीवर करण्यात घालवला. पाणी शेंदावे तशी हवा शेंदत होते. निंबाच्या डहाळ्यांचा भारा सोडून तळ ढवळला. पेव उघडेच ठेवायचे ठरले.

त्या संध्याकाळच्या जेवणाचे वर्णन मी करणार नाही. एवढेच सांगते, की कणगीच्या तळाची भाकरी होती आणि तोंडी लावायला आम्ही दोघे होतो.

"एकाला गैस समजून कळली न्हाई, दुसरीला दिसून कळली न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "जोडा चांगला जमलाय."

"मी सकाळी सांगितलं व्हतं ना आत्या, तिच्यात दिवा इझतो म्हणून," यजमान ताटाकडे पाहत म्हणाले.

"सांगितलं की. आमाला सांगितलं. ज्या बाईच्या हातात दिवा, तिला कुठं सांगितलं? आता किताबात बघ, बायकूशी बोलल्यानं कुठली गैस व्हती का ते."

मामंजी मान खाली घालून जेवत होते. त्यांच्या मिशा हलल्या, पण घास घेताना त्या हलतच.

मी वाढत होते आणि माझ्या हाताला पेवाचा वास येत होता. राख लावून धुतला तरी बोटांच्या पेरांत राहिला. सकाळी मी त्या वासालाच भ्याले होते. तो गेला तेव्हा निर्धास्त झाले. भ्यायचे होते ते त्याच्यामागे, बिनवासाचे. हे दोन शब्द मला आता कुणी विचारले, तर मी झाकणाचे थेंब दाखवत नाही. वाफ आपण होऊन सांगते, वायूला विचारावे लागते, एवढेच सांगते. आणि विचारल्यावर जे उत्तर येईल ते लपवू नये, हे मनात म्हणते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन निंबाच्या शेंड्यावर आले तेव्हा सगळे पुन्हा जमलो. परडी कोणी सोडायची, हा प्रश्न मला वाटले निघेल. सासूबाईंनी न बोलता सुतळी माझ्या हातात दिली. कुणी पाठ केली नाही.

मी वाकले. श्लोक म्हटला नाही. पणती कडब्यावरून उतरली, कालच्या जागेपाशी आली, आणि मी सुतळी थांबवली. ज्योत थरथरली, सरळ झाली. मी आणखी सोडली. परडी टेकल्याचा हलका आवाज आला, आणि तळाची ज्वारी उजेडात दिसली. फिकट, किंचित काळवंडलेली, एकेक दाणा वेगळा. मी दहा मोजले. पुन्हा दहा मोजले. माझ्या कानाशी सासूबाईंचा श्वास होता. बाजूला यजमान काठावर बसून पाय आत सोडून होते. मामंजींनी त्यांचा दोर दोनदा ओढून पाहिला होता.

"इचारा तिला," मामंजी सासूबाईंना म्हणाले.

सासूबाईंनी तोंड उघडले, पण त्यांना विचारावे लागले नाही. यजमानांनी मान वळवली होती. बाप समोर, गडी समोर, आत्याबाई समोर. त्यांनी कुणाकडेही न पाहता सरळ माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाले,

"उतरू?"